जिन्यातून निघणारं घर

पट्टीबाईला त्या आठवड्यात एका जागी बसवत नव्हतं. खुर्चीत बसली की उठायची, उठली की खिडकीशी जायची, आणि खाली अंगणात चाललेलं सुतारकाम बघून पुन्हा टेबलाशी यायची. हातात टेप असायचाच. बोलता बोलता तो कर्रकन ओढायचा आणि समोर जे असेल ते मोजायचं, ही तिची जुनी खोड. म्हणून बांधकाम परवाना कार्यालयात तिला सगळे पट्टीबाईच म्हणत. तिच्या पाठीमागे म्हणत आणि हळूहळू तोंडावरही म्हणू लागले. तिनंही कधी मनावर घेतलं नाही.

काम तसं सरळ होतं. शहराचे बांधकामाचे नियम एक आणि देशाचे दुसरे. परवाना हवा तर शहराची मापं पाळा, कर्ज हवं तर देशाची दाखवा. दोन्ही सांभाळता सांभाळता घर बांधणाऱ्याच्या नाकी नऊ येत. कारखान्यात देशाच्या मापाचा दरवाजा तयार मिळायचा, पण या शहराचा दरवाजा तीन बोटं जास्त रुंद. का, ते विचारू नका. मग एकेक दरवाजा वेगळा करून घ्यायचा, त्याची चौकट वेगळी, तिला लागणारी भिंतीतली मोकळी जागा वेगळी. खिडक्यांचं तेच, नळांचं तेच. अशानं साध्या माणसाचं साधं घरही त्याच्या हाताबाहेर गेलं होतं. शेवटी ठरलं, की शहरानं आपले नियम देशाच्या नियमांशी जुळवून टाकायचे. एखादा नियम वेगळा ठेवायचाच असेल तर त्याचा पुरावा द्यायचा, नाहीतर तो नियम गेला.

हे जुळवणीचं काम पट्टीबाईकडे आलं आणि तिनं पदर खोचल्यासारखं ते हातात घेतलं. दरवाजे काढले, खिडक्या काढल्या, स्वयंपाकघराच्या ओट्याची उंची काढली. शहरातल्या प्रत्येक न्हाणीघरात दोन खुंट्या हव्यात असा एक नियम होता, तो काढताना तर ती एकटीच हसत सुटली होती. आता राहिला होता जिना.

शहराची पायरी सहा इंच उंच, पाऊल पुरतं मावेल इतकी रुंद, आणि अध्येमध्ये टेकायला ऐसपैस चौथरा. देशाच्या नियमात पायरी साडेसात इंचांपर्यंत चालत होती, रुंदीलाही कमी, चौथराही आटोपशीर. शहराचा नियम कुणी केला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे, एका जुन्या अध्यक्षांचं पोट फार सुटलं होतं. कुणी म्हणे, त्यांच्या बायकोचं. काही असो, त्या लांबलचक जिन्यापायी प्रत्येक इमारतीत मजल्यामागे एका लहान घराची जागा फुकट जात होती.

आणि पट्टीबाईची झोप उडाली होती ती नेमकी त्या लहान घरामुळे.

तिच्या स्वतःच्या घरी दोन खोल्या. आतली खोली धाकट्या दिराला आणि जावेला दिलेली, कारण लग्न नवं आणि आता जावेला दिवस गेलेले. बाहेरच्या खोलीत पट्टीबाई, तिचा नवरा आणि सासूबाई. मध्ये एक पडदा. नवऱ्याशी भांडायचं तरी कुजबुजत भांडावं लागे, आणि कुजबुजत भांडण कधी संपत नाही हे ज्याला करावं लागतं त्यालाच कळतं. दिरानं एका नव्या इमारतीत घर नोंदवलं होतं. इमारतीतली बाकीची घरं त्याला परवडणारी नव्हती. परवडणारं एकच होतं, जिन्याला लागून, आणि ते नकाशावर तुटक रेघेनं काढलेलं होतं. कंत्राटदारानं लपवाछपवी केली नव्हती. नियम बदलला तर घर, नाही बदलला तर पैसे परत, असं त्यानं स्वच्छ सांगितलं होतं. घरात सगळे त्याला 'जिन्यातून निघणारं घर' म्हणत. जावेनं दोन खोकी भरूनही ठेवली होती.

पट्टीबाईनं हे साहेबांच्या कानावर घातलं होतं. "माझ्या दिराचं घर अडकलंय यात. दुसऱ्या कुणाला द्या हे काम."

साहेबांनी हात उडवला होता. "या शहरात कुणाचं ना कुणाचं घर अडकलेलंच आहे, बाई. मग काम करायला माणूस आणू कुठून?"

देशाच्या मानक-मंडळाकडून एक तज्ज्ञ आले होते, मोजकं बोलणारे. म्हाताऱ्या माणसांना उंच पायरी झेपेल का, एवढं तपासून मग जिन्याचा निकाल लावू, असं ते म्हणाले. म्हणून कार्यालयाच्या अंगणात सुतार लाकडी फळ्यांचा साडेसात इंची जिना उभारत होते, एक अख्खा मजला उंच, दोन्ही बाजूंना कठडा. आराखडा पट्टीबाईनंच काढला होता. म्हातारी माणसं एका बाजूनं चढतील आणि त्याच वेळी दुसरी उतरू लागली तर वाटेत गर्दी होईल, म्हणून तिनं मागच्या अंगाला फळ्यांचा लांब, सोपा उतार ठेवला होता. समोरून चढायचं, मागून घसरगुंडीसारखं निवांत खाली यायचं. साहेबांनी त्या युक्तीचं कौतुकही केलं होतं.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी ती घरी म्हणाली, "उद्या येणारं एक माणूस गळालं. शिंपीणबाईंना ताप आलाय."

"मग मी येते," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही?"

"का? मी म्हातारी नाही? का अजून पुरेशी झाले नाही?"

दीर हसला. जाऊ हसली. पट्टीबाईही हसली. सासूबाईंचे गुडघे काय आहेत ते तिला माहीत होतं. हेही माहीत होतं, की सासूबाई कशासाठी येताहेत. नको म्हणावं असं तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं, कारण आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि तिला आतली भिंत दिसत होती, जिच्यावर तिनं मनातल्या मनात कधीच कपाट लावून टाकलं होतं.

"या मग," ती म्हणाली. "पण साहेबांना सांगावं लागेल, घरचंच माणूस आहे म्हणून."

"सांग की. मी काय चोरी करायला येतेय?"

दुसऱ्या दिवशी अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. साहेब, तज्ज्ञ आणि कंत्राटदार एका रांगेत बसले. समोर म्हाताऱ्यांचा घोळका, काही काठ्या टेकत, काही काठी काखेत मारून मिरवत. सासूबाईंची ओळख करून दिली तेव्हा साहेब म्हणाले, "चालतंय हो. गुडघे काही नातं बघून दुखत नाहीत." तज्ज्ञांनी तेवढं लिहून घेतलं.

एकेक जण चढू लागला. वर पोचलं की पट्टीबाई विचारायची, त्रास झाला का, आणि उत्तरावर खूण करायची. बहुतेकांचं उत्तर "थोडा" असं होतं, आणि म्हातारपणी "थोडा" म्हणजे काहीच नाही. एक निवृत्त पोस्टमन तर वर जाऊन ओरडले, "पत्र आहे का कुणाचं?" सगळे हसले. मग मागच्या उतारावरून ते डुलत खाली आले, चहा घेतला आणि घरी गेले. कंत्राटदार खुर्चीत सैलावून बसला. पट्टीबाई मात्र जिन्याच्या पायथ्यापासून वरपर्यंत आणि वरून पायथ्यापर्यंत नुसती येरझाऱ्या घालत होती, जणू काही राहून गेलंय आणि ते तिला आठवत नाहीये.

सासूबाईंची पाळी शेवटची. त्या उठल्या, कपडे सावरले, आणि चढू लागल्या. पट्टीबाई बघतच राहिली. घरी त्या प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून चढत. इथे एका पायरीवर एक पाय, दुसरीवर दुसरा, तरण्या पोरीसारख्या. मान ताठ, तोंडावर हसू. कठड्याला हातही अगदी नावापुरता. वर जाऊन त्यांनी साहेबांकडे बघून मान डोलावली.

"त्रास झाला का?" पट्टीबाईनं विचारलं. तिचा स्वतःचाच श्वास चढला होता.

"छे. कसला त्रास?"

"आजी, शाबास!" कंत्राटदार खालून म्हणाला. साहेबांनी टाळी वाजवली. "घ्या, या शेवटच्या. आता सह्या करू."

पट्टीबाई खूण करायला वाकली, तेव्हा तिला सासूबाईंचा डावा हात दिसला. पाठीमागे नेऊन त्यांनी वरचा खांब धरला होता आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. मग त्या वळल्या. उताराकडे जाताना त्यांची नजर एकदाच जिन्यावरून खाली गेली, आणि तिथून अशी पटकन उचलली गेली, जसं एखादं माणूस विहिरीत डोकावून चटकन मागे सरतं.

तेव्हा पट्टीबाईला कळलं, काय राहून गेलं होतं ते.

रोज सकाळी सासूबाई दूध आणायला खाली जातात. येताना गुणगुणत येतात. जाताना मात्र तिरक्या होऊन, दोन्ही हातांनी कठडा धरून, एक अक्षर न बोलता उतरतात. पट्टीबाई आत डबे भरत असताना ते ऐकते. पाय, थांबा, पाय, थांबा. इतकी वर्षं ऐकत आली होती. चढायला दम लागतो, पण गुडघा मोडतो तो उतरताना. आणि तिनं, जिची अख्खी नोकरी मापं घेण्यात गेली, तिनं जिन्याची चाचणी घेतली होती आणि उतरायला वेगळी वाट करून दिली होती. सगळ्यांनी फक्त चढून दाखवलं होतं. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, कारण जिना म्हटला की तो चढायचाच असतो असं सगळ्यांनी धरलं होतं, आणि सगळ्यात आधी तिनं.

गप्प बसणं किती सोपं होतं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं होतं. दिराला फोन करायचा, बस. जाऊ रडेल, सासूबाई पेढे वाटतील, आणि वर्षभरानं आतल्या खोलीत कपाट लागेल. तिला ते कपाट हवं होतं. मनापासून, अगदी लाज वाटावी इतकं हवं होतं.

"साहेब," ती म्हणाली. "उतरून बघितलंच नाही आपण."

"काय?"

"जिना. सगळे उतारावरून आले. चूक माझी आहे, आराखडा माझा होता. पण जिन्यानं कुणी उतरलंच नाही."

"अहो बाई," कंत्राटदार म्हणाला, "चढलेला माणूस उतरणार नाही तर जाईल कुठे?"

साहेब हसले. तज्ज्ञ हसले नाहीत. ते खुर्चीवरून उठून जिन्याच्या पायथ्याशी आले. "बरोबर आहे त्यांचं. कुणाला तरी उतरून दाखवू दे."

"कुणाला? सगळे गेले चहा पिऊन," साहेब वैतागले. मग त्यांनी वर बघितलं. "आजी आहेत की. आजी, जरा जिन्यानंच या बघू खाली."

सासूबाई उताराच्या तोंडाशी थांबल्या होत्या. त्यांनी साहेबांकडे बघितलंच नाही. सरळ पट्टीबाईकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, विनवणी होती, आणि सासूबाईंनी कधी कुणाची विनवणी केलेली पट्टीबाईनं पाहिली नव्हती. तिचे डोळे भरून आले. नको, राहू दे, असं म्हणायला अजून वेळ होता.

"आई," ती म्हणाली, "या जिन्यानं उतरा. मी पुढे राहते. जमेल तसं उतरा, पण खोटं नको."

सासूबाई परत फिरल्या. पहिल्या पायरीवर उजवा पाय खाली सोडला आणि तो मध्येच लोंबकळत राहिला. पायरी पायाला लागेना. दोन्ही हातांनी कठडा धरून त्यांनी पाय टेकवला, आणि डावा गुडघा असा लचकला की तज्ज्ञ दोन पायऱ्या धावत वर आले. पट्टीबाईनं हात पुढे केला. सासूबाईंनी तो धरला नाही. त्या हळूच पायरीवर टेकल्या, आणि बसल्या बसल्या, दोन्ही हात मागे रोवून, एकेक पायरी उतरू लागल्या. लहान मूल उतरतं तसं. कपड्यांना भुसा लागत होता. मध्यावर येऊन त्या थांबल्या, धापा टाकत हसल्या आणि म्हणाल्या, "काय बघताय? माझ्या वयाचे व्हा, मग हसा." कुणीही हसत नव्हतं.

कंत्राटदारानं मग मधला मार्ग काढून बघितला. सहा नको, साडेसात नको, पावणेसात करा. तज्ज्ञांनी मान हलवली. तयार जिन्याचा साचा एकच, पावणेसातला पुन्हा वेगळा साचा, पुन्हा वेगळा खर्च, मग जुळवणी कसली? पट्टीबाईनं टेप ओढला, आकडे मांडले आणि म्हणाली, "पावणेसातात घर निघत नाही. फार तर एक कपाट निघेल." तिच्या तोंडून तो शब्द गेला आणि तिला कसंतरी झालं.

ठरलं ते असं. दरवाजे, खिडक्या, नळ, ओटे, भिंती, सगळं देशाच्या मापानं. घरं त्यानं बऱ्यापैकी स्वस्त होणार होती, हे खरंच होतं. जिना तेवढा शहराचा, सहा इंची. तज्ज्ञांनी तसा अपवाद लिहिला आणि खाली तिचीही सही घेतली. नकाशावरची तुटक रेघ पुसली जाणार होती. कंत्राटदार जाताना म्हणाला, "बाई, तुमच्याच घरावर नांगर फिरवलात तुम्ही." त्यात टोमणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. पट्टीबाई खिडकीची चौकट मोजत होती, पुन्हा पुन्हा, तेच माप. सासूबाई समोर बघत होत्या. उतरताना कंडक्टरनं हात दिला, तो त्यांनी धरला. सुनेचा धरला नाही. मग स्वतःच्या इमारतीचा जिना त्या नेहमीसारख्या दोन्ही पाय टेकवत चढल्या. आज गुणगुणणं नव्हतं.

दार जावेनं उघडलं. तिच्यामागे दीर उभा होता, दुकानातून लवकर सुटून आलेला. दोघांचाही जीव टांगणीला लागलेला.

पट्टीबाईनं तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "नाही झालं. माझे गुडघे आडवे आले."

"आईंमुळे नाही," पट्टीबाई म्हणाली. "माझ्यामुळे. त्यांनी चढून दाखवलं होतं, सह्याच व्हायच्या होत्या. उतरायला मी लावलं."

"तुला कुणी विचारलंय का?" सासूबाई तिच्यावर खेकसल्या. "मी सांगतेय ना?"

"वहिनी, तुम्ही?" दीर म्हणाला. त्यानं चपला घातल्या आणि तो बाहेर निघून गेला. जिन्यावरून धडाधडा खाली जाणारे त्याचे पाय ऐकू आले, एका दमात, कुठेही न थांबता. जाऊ आत गेली, भिंतीशी ठेवलेलं खोकं ओढलं आणि त्यातली भांडी काढून पुन्हा फळीवर लावू लागली. मुद्दाम आवाज करत नव्हती, आणि तेच ऐकवत नव्हतं.

पट्टीबाई तिच्याजवळ जाऊन एक पातेलं उचलायला गेली. जावेनं ते तिच्या हातातून काढून घेतलं. "राहू द्या, ताई. माझी मी लावते."

ती बाहेर आली. बसली, उठली, पडदा सारखा केला, परत बसली. सासूबाई चटईवर पाय पसरून बसल्या होत्या आणि डावा गुडघा सुजून टम्म झाला होता. पट्टीबाईनं तेलाची वाटी कोमट करून आणली आणि समोर बसून गुडघ्याला हात लावला. सासूबाईंनी पाय ओढून घेतला. दुखलं म्हणून नाही, हे दोघींनाही कळलं. मग थोड्या वेळानं त्यांनी तो आपणहून पुढे केला.

"तुम्हाला माझा राग आलाय," पट्टीबाई म्हणाली.

"आलाय. फार आलाय. माझ्या पोराचं घर घालवलंस, आणि मला चार लोकांत ढुंगणावर बसवून खाली आणलंस."

"मग धाकटीला तुमचे गुडघे आडवे आले असं का सांगितलंत?"

सासूबाईंनी आतल्या दाराकडे बघितलं. आत अजून भांडी लागत होती.

"तिला इथेच राहायचंय आता, तुझ्याबरोबर," त्या हळू म्हणाल्या. "माझ्यावर रुसली तर मी किती दिवसांची? तुझ्यावर रुसली तर दोघी जन्मभर एका ओट्याशी. आणि तू मध्येच तोंड घातलंस." त्यांनी कळ आली म्हणून डोळे मिटले. "आता जोरात दाब. नुसतं कुरवाळत बसू नकोस."

पट्टीबाईनं डोळे पुसले आणि दोन्ही अंगठे लावून गुडघा दाबू लागली.